मुलांना सूप मोफत

हेडमास्तरांनी आईला भिंतीकडची खुर्ची दिली आणि तिच्यासमोर असे ऐसपैस बसले, की हॉटेलातल्या कुणाला ती दिसू नये. देह त्या कामाला पुरेसा होता. आईचे हात वर्षभर थरथरत होते. चमचा तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा रिकामा व्हायचा, म्हणून तिने बाहेर जेवणंच सोडलं होतं. आज मुलाला अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली, म्हणून मोठ्या मिनतवारीने ती घराबाहेर पडली होती.

"चारचौघांत सांडलं, तर पुन्हा हॉटेलाचं नाव काढायचं नाही," तिने निघतानाच बजावलं होतं. ती बोलते ते करते, हे हेडमास्तरांना ठाऊक होतं.

रविवारची दुपार, हॉटेल पोराबाळांनी भरलेलं. शेजारच्या टेबलावर त्यांच्याच शाळेतली, दुसरीतली एक मुलगी आईबाबांबरोबर बसली होती. तिचा बाबाही त्याच शाळेत शिकलेला. सरांना पाहताच त्याने टेबलावरची कोपरं खाली घेतली. मुलगी मात्र दोन कानांच्या, झाकणाच्या कपातून सूप ओढण्यात दंग होती. हेडमास्तरांच्या आईने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग भिंतीवरची पाटी वाचली.

'आईबाबांसोबत आलेल्या मुलांना सूप मोफत.'

"बाळ्या," ती म्हणाली, "तुझं सूप फुकट आहे."

शेजारच्या बाबाला ठसका लागला. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा मजला चिडीचूप व्हायचा, त्याचं नाव बाळ्या होतं तर.

"आई, हळू बोल."

तेवढ्यात वेटर आला. "एक सूप मला," आई म्हणाली, "आणि एक ह्या मुलाला. पाटीवरचं."

वेटरने इकडेतिकडे मूल शोधलं. टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"कुठला मुलगा, आजी?"

"हा काय, एवढा मोठा बसलाय की समोर."

वेटर हसला. आजी हसत नाहीत हे पाहून त्याने मॅनेजरला बोलावून आणलं.

"आजी, ते लहान मुलांसाठी आहे हो," मॅनेजर म्हणाला. "दहा वर्षांच्या आतल्या."

"पाटीवर कुठे लिहिलंय लहान?"

दुसऱ्याच कुणीतरी रात्रीतून लावून गेल्यासारखं मॅनेजरने पाटीकडे पाहिलं. "लिहिलं नाही, पण कळतंच ना ते."

"मला नाही कळत. बाळ्या, तू भाषा शिकवतोस ना? मी तुझी आई. मग तू माझं कोण?"

हेडमास्तरांना घाम फुटला. "आई, मी पैसे देतो ना. दोन काय, चार सुपं सांगतो."

"पैशांचं विचारलंय का मी? विचारलंय तेवढं सांग."

हे वाक्य हेडमास्तर वर्गात रोज वापरत. ते आलं कुठून, हे शेजारच्या बाबाला आज कळलं. त्याने मान खाली घालून ओठ आवळले.

"मूल," हेडमास्तर पुटपुटले.

"मोठ्याने."

"मूल! मी तुझं मूल आहे!"

"आणि आलायस कुणासोबत?"

"आईसोबत."

"झालं तर मग," ती मॅनेजरला म्हणाली.

आता सगळं हॉटेल इकडेच बघत होतं. मॅनेजर शहाणा माणूस होता. "देऊन टाक रे बाबा," तो वेटरला म्हणाला.

"आणि बाकीच्या मुलांना देता तसंच द्या हं," आईने मागून आवाज दिला. "वाटी देऊन आमची बोळवण करायची नाही."

सूप आलं. आईपुढे पसरट वाटी, काठोकाठ भरलेली. हेडमास्तरांपुढे बदकाचं चित्र असलेला, दोन कानांचा पिवळा कप. वर झाकण, झाकणाला चोच. सोबत गळ्यात बांधायचं लाळेरं.

"सर, तुम्हाला पण बदकवाला मिळाला?" शेजारची मुलगी आनंदाने ओरडली.

हेडमास्तरांना राग आला, खराखुरा. आईची लाज झाकायला ते पहाडासारखे आडवे बसले होते आणि तिने भर हॉटेलात त्यांचीच शोभा केली होती. "झालं समाधान?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "आता गपचूप जेव आणि घरी चल."

आईने आपली वाटी हळूहळू त्यांच्याकडे सरकवली. तेवढ्यानेही थोडं सूप टेबलावर हिंदकळलं. मग तिने आपले दोन्ही हात कपाकडे पुढे केले.

"दे इकडे," ती म्हणाली. "मुलाच्या पुढ्यातलं आईने संपवलं, तर कुणी बघत नाही."

हेडमास्तर कपाकडे बघत राहिले. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी कप तिच्या हातांत दिला. मग लाळेरं उचललं, झटकलं आणि स्वतःच्या गळ्यात बांधलं. नीट, मागे गाठ मारून.

सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघायला लागलं. वेटर बघत होता, मॅनेजर बघत होता. शेजारच्या बाबाने मोबाइल काढला आणि बायकोने कोपर मारल्यावर परत ठेवला. भिंतीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तिथे दोन हातांत एक पिवळा कप थरथरत होता आणि त्यातला थेंबही बाहेर पडत नव्हता.

कप रिकामा झाल्यावर आईने पदराने ओठ टिपले आणि वेटरला हाक मारली.

"माझ्या मुलाला अजून एक आण रे," ती म्हणाली. "वाढतं वय आहे त्याचं."