मशीनचं चाक

कॉम्प्युटरच्या पडद्यावर मजकूर भरायचा टेक्स्टबॉक्स दिसत होता, तरी शाहीनच्या कोडला तो सापडत नव्हता. जेवणानंतर तिला चूक उमगली. बॉक्स कुठंय, असं ती कोडमधून अख्ख्या वेबपानाला विचारत बसली होती. बॉक्स होता तक्त्यातल्या एका ओळीच्या पोटात. आधी तक्ता गाठायचा, मग ती ओळ आणि तिथं विचारायचं. बॉक्स सापडला. संध्याकाळी तिनं पुण्याहून भोरला रोजचा फोन लावला. अम्मी गेल्यापासून अब्बांनी फोन उचलताच ती विचारायची, “बरे आहात ना?” ते म्हणायचे, “व्हय, बरा हाय.” आज तिनं तो प्रश्न मागं ठेवला. “घरी काय चाललंय?” “तुज्या अम्मीच्या शिलाई मशीनला तेल घातलं.” “शिवतंय कोण?” “कुणी न्हाई. नुसतं चाक फिरवतोय. तेवढाच घरात आवाज.” पलीकडून चाकाची खडखड येतच होती. शाहीननं हळूच विचारलं, “अब्बा, बरे आहात ना?” चाक थांबलं. “न्हाई, बाळा.”