इरुकटोल्याचं पान

वहीत गावाचं नाव दिसलं तसा काशीच्या वेणीमाधव उपाध्यायांनी पानावर हात ठेवला.

समोर चटईवर बकुळ मडावी बसली होती. चंद्रपूरकडची गोंड बाई, दोन दिवस रेल्वेने आलेली. तिचा पणजोबा मालगुजाराचं, म्हणजे तिकडच्या जमीनदाराचं, सामान वाहत काशीला आला होता आणि इथल्या मराठी उपाध्यायांनी वहीत त्याचं नाव-गाव लिहून घेतलं होतं, एवढंच तिने घरी ऐकलेलं. तेवढ्यावर ती घाटाघाटावर विचारत यांच्यापर्यंत पोचली. जंगलातून उठवलेलं गाव परत मागायचं होतं. वनखात्याच्या कचेरीचं म्हणणं, तिथे गाव कधी नव्हतंच. सोमवारी सुनावणी.

वेणीमाधवांच्या हाताखाली त्यांच्या पणजोबांचं मोडी अक्षर होतं. शके १८५३. सोबत गडी लालसू मडावी, मौजे इरुकटोला, घरे तेवीस.

ते वाचलं आणि त्यांच्या पोटात दुखायला लागलं. दुसरा शब्दच नाही त्याला. सात पिढ्या काशीत काढल्या, अख्ख्या महाराष्ट्राची गावं लिहून घेतली, आणि गेल्या वर्षी घरमालकाने घाटावरचं मकान हॉटेलवाल्याला विकलं तेव्हा यांच्या नावाचा एक चिठोरा निघाला नाही. उपाध्याय स्वतःचं नाव वहीत कशाला लिहील! आता शहराबाहेर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आणि हिला, हमालाच्या पणतीला, तेवीस घरांचं गाव? जंगलासकट? का म्हणून?

"नाही सापडत, बाई," ते म्हणाले. "पुरानी वही. वाळवीने खाल्लंय."

बकुळ रडली नाही. त्याचाही त्यांना राग आला.

"मग आज लिहा जी," ती म्हणाली. "बकुळ मडावी, इरुकटोला. माझ्या नातवंडाइले तरी सापडन."

वेणीमाधवांनी पेन उचललं आणि तिथेच अडकले. एका गावाचं एकच पान. नवा माणूस आला की जुन्या नोंदीखालीच लिहायचा, म्हणजे हाताखालचं हेच पान तिच्यासमोर उघडं करायचं. त्याच गावाला दुसरं पान उघडलं की वही बाटली. खोटं ते पोटापुरतं रोजच बोलत. पण वही बाटवायची? छे, हातच चालेना.

शेवटी त्यांनी पानावरचा तळवा काढला आणि वही तिच्याकडे फिरवली.

"आहे. ऐका, वाचतो."

'घरे तेवीस' तिने तीनदा वाचून घेतलं. मोबाईलवर पानाचे फोटो काढले, त्यांच्याकडून मजकूर देवनागरीत सहीनिशी उतरवून घेतला, पाया पडली आणि चपला घालू लागली.

"अहो, लगेच निघालात?" वेणीमाधव लगबगीने दारापर्यंत आले. हिच्याकडे नाही असं काहीतरी आपल्याकडे आहे, हे तिला दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना. "काशीला आलात, गंगेत एक डुबकी तरी मारून जा! अशी नदी पुन्हा कुठे मिळणार?"

बकुळ जिन्यात थांबली. पहिल्यांदाच हसली.

"आमची नदी आहे ना जी तिकडं."