एका बीतला डाग

"काका, हे बियाणं पहिल्या दिवसापासून निरोगी आहे," बियाणं तपासणी केंद्राच्या तळघरात क्ष-किरण यंत्रापाशी बसलेले गृहस्थ म्हणाले.

भोपळेकाकांना वाटलं, यांना यातलं काही कळत नसावं. यंत्र चालवणाऱ्या रोजच्या बाई तापाने रजेवर होत्या, म्हणून हे वरच्या मजल्यावरून आले होते. बाईंनी तर गेले पाच सोमवार तोंडी एकच सांगितलं होतं. एका बीत बारीक डाग दिसतोय, बुरशी असेल, पुढच्या सोमवारी पुन्हा आणा. काका मुकाट्याने पुन्हा आणत होते. गेल्या वर्षी रोगाने त्यांचे भोपळ्याचे सगळे वेल बसले. घरच्या वाणाच्या चाळीस बिया तेवढ्या हाती लागल्या. त्यांतली एक जरी रोगट निघाली, तरी वाण संपला. बी फोडून पाहावी तर ती हातची जाते. हे यंत्र बीला धक्का न लावता तिच्या पोटातलं दाखवत होतं.

गृहस्थांनी पाचही सोमवारचे फोटो पडद्यावर ओळीने लावले. डाग औषधालासुद्धा नव्हता.

काकांचा पारा चढला. पेरणीचे जेमतेम चार दिवस उरले होते. गृहस्थांनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला. एवढं लिहून दिलंत तर बाईंना घरीच बसवतील, असंही म्हणाले.

काकांनी पेन उचललं आणि ज्या खुर्चीत बसले होते तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं. पहिल्या सोमवारी या तळघरात एकच खुर्ची होती. ही बाईंनी त्यांच्यासाठी कुठून तरी पैदा केली होती. थर्मासच्या झाकणात त्या चहा द्यायच्या, गुडघ्याची चौकशी करायच्या, एकेक बी मोठी करून दाखवायच्या. सगळे नमुने टपालाने येतात, स्वतः घेऊन आलेले तुम्हीच पहिले, असं त्या म्हणाल्या होत्या. काका तेव्हा हसले होते. आता त्यांना उलगडलं. किती एकटं पडावं लागत असेल माणसाला, असलं खोटं सुचायला!

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाईंनी निरोगीच सांगितलं होतं. मलाच पटत नव्हतं, म्हणून पुन्हा पुन्हा आणत होतो."

गृहस्थांनी खांदे उडवले आणि कागद परत खणात टाकला.

काका घरी आले. दार उघडायला कुणी नव्हतं, गेली सहा वर्षं नव्हतं. त्यांनी कुदळ घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस आळ्यांत एकोणचाळीस बिया लावल्या.

चाळिसावी तेवढी त्यांनी पुडीत बांधून ठेवली. पुढच्या सोमवारी ती बाईंकडे तपासायला न्यायची होती.