हलकं बटण

तांदळाच्या कणीएवढा स्क्रू पुन्हा चिमट्यातून निसटला. शलाकाने श्वास रोखून तो उचलला. तिच्यासमोर गेम कन्सोलचा कंट्रोलर उघडा पडला होता. धाकट्या भावाच्या, इंद्रजितच्या, बोटांतली ताकद आजारानं ओसरत चालली होती. म्हणून ती कंट्रोलरची जुनी बटणं काढून अगदी हलक्या दाबाची बसवत होती.

पहिलं बटण कथलाचा डाग देऊन जोडताना जळालं, दुसरं वाकडं बसलं. "राहू दे गं ताई," व्हीलचेअरवरून इंद्रजित म्हणाला खरा, पण त्याची नजर टीव्हीवरून हलत नव्हती. घराबाहेर पडणं थांबल्यापासून त्याला बोलायला उरले होते ते या गेममधले मित्रच.

संध्याकाळी एकदाचं जमलं. तिने कंट्रोलर त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याचा अंगठा अलगद बटणावर टेकवला. इंद्रजितने ओठ आवळून जोर लावला. पडद्यावरची गाडी जागची हलली नाही.

"डाग सुटला असेल," म्हणत शलाकाने कंट्रोलर उचलला आणि बटणाला नुसतं बोट लावलं. गाडी सुसाट सुटली.

दोघंही त्या गाडीकडे बघत राहिले. याहून हलकं बटण कुठेच मिळत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बटणच खराब निघालं बघ," इंद्रजित हळूच म्हणाला.

"हो ना," शलाका म्हणाली. "फसवलं मेल्या दुकानदाराने. उद्याच दुसरं मागवते."