अकरा खड्डे, बारा बॉम्ब

खड्डा तीस फूट खोल गेला तेव्हा बॉम्बपथकाच्या साहेबांनी हेल्मेट काढलं.

“खाली काही नाही. दगड, माती आणि एक चमचा.”

“अजून थोडं खणा,” कवळी म्हणाला.

“अजून थोडं खणलं तर पाणी लागेल. विहीर हवी असेल तर तसं सांगा.”

कवळी काठावरून खाली बघत राहिला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून गावच्या फुटबॉल क्लबात सगळे त्याला कवळी म्हणत. लहानपणापासून त्याने क्लबाचा घरचा एकही सामना चुकवला नव्हता. स्वतःच्या लग्नातून तो पूर्वार्धापुरता उठून गेला होता, आणि गोल होईना म्हणून उत्तरार्धालाही थांबला होता.

युद्धात एका दुपारी या मैदानावर बॉम्ब पडले, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. किती पडले, हे एकट्या कवळीला ठाऊक होतं. त्याने सहा वर्षं पत्रं लिहून वैमानिकाच्या नोंदवहीची नक्कल मिळवली होती. तिच्यात बारा बॉम्ब टाकल्याची नोंद होती. मग त्याने दुसऱ्या दिवशी विमानातून काढलेला फोटो मिळवला आणि कामाच्या टेबलावर, प्लास्टरच्या दोन जबड्यांच्या मध्ये ठेवून भिंगाने बघितला. खड्डे अकरा होते. उत्तरेकडच्या गोलाजवळ माशी बसल्यासारखा एक ठिपका होता. त्याने झटकून बघितलं. माशी नव्हती.

क्लबाच्या सभेत त्याने सगळं मांडलं. बारावा बॉम्ब न फुटता गोलाखाली बसलाय, आणि आपण त्याच्यावर इतकी वर्षं फुटबॉल खेळतोय! त्याला फक्त फाटकावर एक पाटी हवी होती. ‘या मैदानाने युद्ध अंगावर घेतलं.’ खाली बारीक अक्षरात संशोधकाचं नाव. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत त्याच्या बाबांनी हात वर केला. बाबा अडतीस वर्षं या मैदानाचे माळी होते.

“त्या गोलापाशी ना, मी एकदा…”

“बाबा, तुम्ही गवत बघायचात,” कवळी म्हणाला. “हे कागदपत्रांचं काम आहे.”

लोक हसले. बाबांनी हात खाली घेतला.

पाटी बाजूला राहिली. दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती पिवळी पट्टी लागली. बाबा काठी टेकत तिथवर गेले आणि खाली काही नाही म्हणून सांगू लागले. पट्टीवरच्या शिपायाने “काका, लांब व्हा, उडाल” म्हणून त्यांना परत पाठवलं. त्यानंतर बाबांनी तो विषय सोडला. माणूस तसा पहिल्यापासून मानी.

खणणं पाच महिने चाललं. तोवर क्लबाचे घरचे सामने शेजारच्या गावात, ज्यांना जन्मभर शिव्या दिल्या त्यांच्याच मैदानावर झाले. तिथले लोक दर वेळी उभं राहून स्वागत करायचे. त्यापेक्षा दगड मारले असते तर बरं होतं. मोसम संपला तेव्हा क्लब खालच्या गटात गेला होता.

आणि आज खड्ड्याच्या काठावर, साहेब हेल्मेट पुसत असताना, क्लबाचे सेक्रेटरी कवळीजवळ आले.

“जागेच्या मालकाने मैदान विकलं. सुपरमार्केट येतंय. तळघरातल्या पार्किंगसाठी खड्डा आयताच मिळाला म्हणून फार खूश आहेत ते लोक.”

कवळीने पुन्हा खड्ड्यात बघितलं.

“तुझी पाटी लावायला तयार आहेत,” सेक्रेटरी म्हणाले. “पार्किंगमध्ये. लिफ्टच्या शेजारी.”

कवळी घरी आला. दारापाशी एक लोखंडी ठोकळा होता. अर्धा जमिनीत पुरलेला, वरून क्लबाच्या हिरव्या रंगाने रंगवलेला. मैदानावरून आलं की त्यावर बूट आपटून चिखल झाडायचा आणि मग आत यायचं, ही या घराची पद्धत. कवळीने एक बूट काढला आणि सगळा राग काढून आपटला.

“हळू आपट,” आतून बाबा म्हणाले. गेली चाळीस वर्षं ते हेच म्हणत आले होते.

“मैदान गेलं, बाबा! आणि तुम्हाला आवाजाचं पडलंय?”

बाबा काठी टेकत दारात आले.

“आवाजाचं कोण बोलतंय? तू चालायला शिकत होतास, तेव्हाची गोष्ट. गोलापाशी पाण्याचा पाइप टाकायला खणत होतो. पहार खणकन वाजली. शनिवारी सेमीफायनल होती. कुणाला सांगितलं असतं तर मैदान बंद केलं असतं. हातगाडीवर घातला, वर गवत टाकलं आणि घरी आणला.”

“काय आणलंत?”

बाबांनी काठीने ठोकळ्याकडे दाखवलं. ठोकळ्याला काठी लागू दिली नाही.

“तुझ्या आईला सांगितलं, जुन्या रोलरचा तुकडा आहे. ती बिचारी दर दिवाळीच्या साफसफाईला पायपुसणी त्यावरच झोडायची. मी आतल्या खोलीत जाऊन बसायचो.”

कवळी ठोकळ्याकडे बघत राहिला. हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते. त्याने खाली वाकून, भिंगातून बघावं तसा एक डोळा बारीक करून बघितलं. रंगाखाली आकडे कोरलेले होते. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. सभेत टाळ्या पडल्या तेव्हाही इतका उजळला नव्हता.

“म्हणजे बाराच होते!” तो ओरडला. “मी म्हणत नव्हतो?”

आणि आनंदाच्या भरात त्याने दुसरा बूटही आपटला.