खांद्याचा पुरावा

माझी बायको सैन्यात होती. स्फोटात तिचा उजवा खांदा कायमचा गेला, पण सरकारने अपंगत्व मान्य केलं नाही. अपिलाची तारीख आली तेव्हा ती राहिली नव्हती, म्हणून मी गेलो.

"काका, बाई तर उजव्या हाताच्या एका ठोशात गडी लोळवायच्या म्हणे," सुनावणी घेणारे साहेब हसले. "खांदा निकामी होता, हे कशावरून?"

घरात दार जरी आपटलं, तरी ती पुन्हा लढाईत जायची आणि समोरचा मी शत्रू व्हायचो. हाती येईल त्याने ठोकायची. भुवई फोडली, दोन दाढा पाडल्या, कान ठेचला. भानावर आली की माझं रक्त पुसत म्हणायची, "कुणाला सांगू नकोस रे." मी सगळ्यांना सांगत आलो, बाथरूममध्ये पाय घसरला.

साहेब फाईल मिटायला लागले, तेव्हा मी डोक्याला गुंडाळलेला मफलर सोडला.

"हे तिने केलंय. सगळे वण माझ्या उजव्या बाजूला आहेत. डावीकडे ओरखडाही नाही."

"म्हणजे?"



"समोर उभी राहून जीव खाऊन मारायची, साहेब. तरी तिचा उजवा हात कधी वर आलाच नाही."