उत्तर येईपर्यंत थांब

नवं मशीन सुरू होता होता अडायचं आणि पडद्यावर एकच ओळ यायची: 'डिस्क मिळाली नाही.' साहेबांनी तीन डिस्क बदलल्या, तिन्ही मेल्यात म्हणून भंगाराच्या खोक्यात टाकल्या.

कोपऱ्यातल्या टेबलावरची प्रोग्रामर पहिल्याच दिवशी उठून म्हणाली होती, "क... क..." तिची जीभ पहिल्या अक्षराला अडायची, लहानपणापासून.

"केबल ना? बदलली," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "क..."

"कंट्रोलर? तोही बदलला, बाई!" आणि साहेब फोनवर.

तिसऱ्या दिवशी तिने सांगायचा नाद सोडला. खोक्यातली डिस्क काढून मशीनला जोडली आणि डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रामचा, ड्रायव्हरचा, कोड उघडून बसली. मशीनचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम, कर्नल, डिस्कला विचारत होता, 'आहेस का?' आणि ती 'हो' म्हणायच्या आत पुढे सटकत होता. तिला हसूच फुटलं. तिने एक ओळ घातली आणि शेजारी मोठ्या अक्षरांत टीप लिहिली: 'उत्तर येईपर्यंत थांब.'

मशीन सुरू झालं. दहा वेळा बंद केलं, दहाही वेळा झोकात सुरू झालं. अख्खं ऑफिस तिच्या टेबलाभोवती गोळा झालं.

"अगं, मग बिघडलं होतं तरी काय?" साहेबांनी विचारलं.

"क..."

साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर पडद्यावरच्या टिपेवर गेली. त्यांनी तोंड मिटलं. कुणी हललं नाही.

"कर्नल," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून तेच सांगत होते."